निळं झाकण

"ऊठ रे पाना, झोप झाली,
खाज बघ दारात आली…"

असं गुणगुणत बाजारातली पालेवाली इया आसाबी पाला चुरगाळायची. मोरोलाके तेव्हा सात वर्षांची होती. गुडघ्यावर नायटा, तोंड आईच्या लुगड्यात खुपसलेलं, आणि कानात तो आवाज. त्या आवाजापायीच ती औषधं शिकायला विद्यापीठात गेली.

आज बावीस वर्षांनी इसेयिन गावच्या बाजारात, त्याच पाल्याच्या टोपल्यांसमोर दोन्ही गुडघे टेकून तिने इयाला नमस्कार केला. उठताना वर बघवेना.

"डब्या न्यायला आलेय, इया. संपलं सगळं."

"संपलं? अगं, बायका बऱ्या झाल्या की."

"तेच तर."

इयाने टोपलीमागून पोतं ओढलं. आत इयाने चौदा बायकांना वाटलेल्या मलमाच्या अठ्ठावीस डब्या होत्या, लाल झाकणाच्या चौदा, निळ्या झाकणाच्या चौदा. राखेने घासून, उन्हात वाळवून लख्ख केलेल्या. तळाला चिकटलेलं मलम तपासायला न्यावं म्हटलं, तर तेवढंही उरलं नव्हतं. मोरोलाकेने एक डबी उघडली, आत बोट फिरवलं आणि झाकण परत आपटून लावलं.

"घासल्या कशाला?"

"उष्टी भांडी परत द्यायची का?"

पलीकडून मिरचीवाली बोलांले ओरडली, "डॉक्टरीणबाई, तोंड का असं? हे बघा माझे हात. नवरीचे वाटतील."

"डावा बघू."

"दोन्ही बघा की. डाव्याने काय पाप केलंय?"

डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत तुकतुकीत होता. मोरोलाकेला तो हात बघवेना. दीड महिन्यापूर्वी त्याच हातावर तांबडी चकंदळं होती, आणि आजही ती तिथे असायला हवी होती. दुसऱ्याचं दुखणं टिकावं असं आपल्याला वाटतंय, हे जाणवून ती आणखीच चिडली.

चार वर्षं गेली होती या मलमात. पहिल्या वर्षी ते फाटायचं, वर पाणी आणि खाली गोळा. मग वीज जायची आणि फ्रीजमधले अर्क नासायचे. एकदा हिरवा रंग कपड्यांना लागतो म्हणून कोळशातून गाळून तो काढला, तर रंगाबरोबर गुणही गेला. पुन्हा पहिल्यापासून. शेवटी मलम जमलं, आणि आज सकाळी तिचे मार्गदर्शक ओयेकान सर यांनी कागद चाळून चष्मा काढला.

"दोन्ही हात सारखेच बरे झालेत, मोरोलाके. मग पान कशाला? शुक्रवारपर्यंत लिहून दे, पानाचा उपयोग दिसला नाही."

तिने कागद उचलले. वाद कशावर घालणार? चौदा बायकांची नावं होती, चौदा अंगठे होते. सरांना पानाचा उपयोग दिसत नाही, एवढं तिने इयाला सांगितलं.

"म्हणजे पास नाही करणार तुला?" इयाने विचारलं.

"माझं राहू दे. हे मलम आता कोणी बनवणार नाही. पानाचा उपयोग नाही असं एकदा छापून आलं की संपलं. पुढची चाळीस वर्षं कोणी त्या झुडपाकडे बघणार नाही."

"छापून आलं म्हणून पान काम सोडतं होय?" इया पाला निवडत म्हणाली. "चार वर्षं त्याला पाण्यात बुडवलंस, दारूत बुडवलंस, कोळशात कोंडलंस. ते काय चोर होतं, कबुली द्यायला?"

एरवी मोरोलाके हसली असती. आज तिने डब्या पिशवीत कोंबायला सुरुवात केली. लाल, निळी, लाल. एक निसटून टोपलीखाली गेली. ती काढायला वाकली आणि वाकल्या वाकल्याच बोलली, कारण आता लपवून काही मिळणार नव्हतं.

"तुला सांगितलं नव्हतं मी, इया. सांगायचं नसतंच, वाटणाऱ्यालासुद्धा नाही. लाल झाकणात पानाचा अर्क होता. तो उजव्या हाताला. निळ्यात नुसतं शियाच्या बियांचं लोणी, मेण आणि पाणी. तो डाव्याला. रंग तोच घातला, गवती चहाचा वासही तोच. उजवा बरा झाला आणि डावा तसाच राहिला, की पानाचं नाव होणार होतं. पण लोण्यानेही नायटा गेला. चौदाच्या चौदा जणींचा."

इयाचे हात पाल्यात थांबले.

"निळ्यात पान मुद्दाम नव्हतं?"

"मुद्दाम."

"घाईत राहून गेलं असं नाही?"

"चौदा डब्यांत कसं राहून जाईल, इया?"

इयाने हातातला पाला खाली ठेवला. बोलांलेकडे एकदा बघितलं, मग पदर सावरल्यासारखं डोक्याचं फडकं सावरलं. पोरीला जवळ बसायची खूण केली. मोरोलाके बसली नाही. निळी डबी हातात धरून उभी राहिली.

"पहिल्याच दिवशी निळ्यातलं बोटावर चोळून बघितलं होतं मी," इया हळू आवाजात म्हणाली. "रंग होता, वास होता, पान नव्हतं. म्हटलं, पोर शहरातून धावतपळत आली, विसरली बिचारी. चारचौघींत तुझी शोभा नको, म्हणून बायका यायच्या आधी चौदाही डब्यांत मीच पानाचा रस घोटला. कुणाला बोलले नाही, पोरी. तुलाही नाही."