पितळी फिल्टर

"हा तं माह्या हातचा हाय!" देवाजींनी पितळी फिल्टर दोन्ही हातांनी उचलला, चष्मा पुसून बुडावरचे ठोके न्याहाळले आणि दुकानाच्या पडद्याआड चहा टाकणाऱ्या बायकोला हाक मारली, "शकुन, अम्माचा फिल्टर आला ना वो!"

समोर बसलेली रेणू हसली. ती अम्माची मुलगी. तिचे वडील तमिळनाडूहून भंडाऱ्याजवळच्या कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. चाळीस वर्षांपूर्वी अम्माने वहीच्या पानावर चित्र काढून देवाजींकडून हा कॉफी गाळायचा फिल्टर करून घेतला होता. वर एक डबा, खाली एक डबा, वरच्याच्या बुडाला भोकं. घागरी आणि पराती ठोकणारे हात तेव्हा भंडाऱ्यात पुष्कळ होते, पण कॉफीचं भांडं कोणीच पाहिलेलं नव्हतं. देवाजींनीही नाही. तरी आठ दिवस बसून त्यांनी एकेक भोक पाडलं. पुढच्या आठवड्यात अम्मा मुद्दाम सांगायला आली, "देवाजी, फस्ट क्लास!"

ते "फस्ट क्लास" देवाजींनी जन्मभर पुरवून खाल्लं. बाजार स्टीलचा झाला, भाऊबंदांनी हातोड्या मोडीत घातल्या, त्यांच्या स्वतःच्या दुकानातही कंपनीचे कुकर टांगले गेले. पण गिऱ्हाईक जरा रेंगाळलं की फिल्टरची गोष्ट सुरू. जावयाने तर ती साखरपुड्यातच ऐकली. एवढं करून देवाजी कॉफी प्यायले होते एकूण दोनदा, तीही लग्नात, वर चॉकलेटची भुकटी टाकलेली.

"अम्मा गेली त्याले दीड वर्ष झालं, काका," रेणू म्हणाली. "हा आता माझ्याकडं राहील, याले कल्हई करून द्या. अन् माझी पोरगी पुण्याले राहते, तिच्यासाठी अस्साच एक नवा बनवा."

देवाजींचे डोळे भरून आले. सात वर्षांत कोणी त्यांना काही नवं ठोकायला सांगितलं नव्हतं. त्यांनी झाकण काढलं. आत वरच्या डब्याच्या बुडाशी एक गोल फडकं होतं, कॉफीने तपकिरी झालेलं.

"हे काय होय?"

"काही नाही, राहिलं असन चुकून." रेणूने घाईघाईने हात पुढे केला.

देवाजींनी फडकं बाजूला ठेवलं आणि वरचा डबा काढून उजेडाकडे धरला. भोकांतून समोरच्या दुकानाची पाटी वाचता येत होती. आयुष्यभर चहाच पिणाऱ्या माणसाने चहाच्या गाळणीच्या मापाने पाडलेली भोकं होती ती. कॉफीची पूड त्यातून सरळ खालीच पडणार.

"म्हणजे चाळीस वर्सं अम्मा फडकं लावून राहिली होती?"

रेणूने होकारार्थी मान हलवली. "अम्मा म्हणे, ज्या माणसानं कॉफी पाहिली नाही, त्यानं माझ्यासाठी आठ दिवस मान मोडून काम केलं. त्याले कोणी सांगायचं नाही."

शकुनबाईंनी चहाचे कप ठेवले आणि नवऱ्याचा चेहरा पाहून आत गेल्या. गावभर आपण काय मिरवत फिरलो, या विचाराने देवाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी फिल्टर रेणूपुढे सरकवला.

"कल्हई करून देतो. पण नवा नोको सांगू, पोरी. बजारात स्टीलचा भेटते, बारीक भोकाचा. तोच घे."

"घेतला होता, काका. माझ्या पोरीनं परत केला." रेणूने फडकं उचलून मांडीवर सरळ केलं. त्याच्या कडेला निळ्या काठाचे चार धागे अजून शाबूत होते. "हे अम्माच्या साडीचं आहे. साडी जुनी झाली की ती फडकी कापून ठेवे. शेवटच्या साडीची फडकी पोरीनं जपून ठेवली आहेत. तुम्ही भोकं एवढीच मोठी पाडा. बारीक भोकांच्या फिल्टरात अम्माले जागाच नाही."