गोरीपान वहिनी
नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यापासून मी दुपारी आमच्या वस्तीतल्या बायकांना कादंबरी वाचून दाखवत असे. त्या कापूस निवडत ऐकायच्या. माझी बायको मथुराही त्यांच्यात बसायची. ती वारली आणि महिनाभर पुस्तक बंद राहिलं. काल शेजारची पारबताबाई म्हणाली, "भाऊ, त्या पुस्तकातल्या वहिनीले नवऱ्यानं घरात घेतलं का नाही? आमचा जीव टांगून ठेवला तुमी." मी बसलो आणि वाचलं, "गोरीपान वहिनी घाऱ्या डोळ्यांनी दाराकडे पाहत होती." "गोरी कायची? सावळी हाये ते," पारबताबाई म्हणाली. "पुस्तकात गोरीच लिहिलंय." "लिवनाऱ्यानं पाह्यली काय तिले? गालावर देवीचे वण हायेत तिच्या." "अन् हसली का तोंडावर पदर घेते," तिची सून म्हणाली. बाकीच्यांनी माना हलवल्या. मला वहिनी नेहमी पुस्तकातल्यासारखी गोरी दिसली होती. पण सावळा रंग, देवीचे वण, तोंडावरचा पदर, हे सगळं मथुराचं होतं; या सगळ्यांना पहिल्या दिवसापासून मथुरा दिसत होती. मथुराचा फोटो कधी काढला नाही. आठ दिवसांपासून तिचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे येत नव्हता, नुसतं लुगडं यायचं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. "थांबले काहून, भाऊ? वाचा ना." मी पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं आणि विचारलं, "नाक कसं हाये वहिनीचं?" पारबताबाईनं माझ्याकडे पाहिलं. मग हातातला कापूस खाली ठेवून ती सांगू लागली.