सवयीचा वेग

"आधी खुर्च्या आत घ्या बरं," म्हणत तपासनीस स्वतःच खुर्च्या सरकवायला लागले.

अधीक्षक दारातच थबकले. चौकशीला आलेला माणूस फायली मागेल, निदान पाणी तरी मागेल. हे गृहस्थ वाटेतल्या वाकड्या खुर्च्या टेबलाखाली ढकलत होते! मग त्यांनी अर्धवट उघडं दार पार भिंतीला टेकवलं आणि मुलांना मोठ्यानं सांगितलं, "मी दाराच्या डाव्या हाताला उभा आहे. चालू द्या तुमचं."

असते एकेकाची खोड, अधीक्षक मनात म्हणाले. तासाभराचा तर प्रश्न आहे.

तास एकच, पण त्यावर सगळं टांगलेलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी वसतिगृहातली एक मुलगी गेली. हसरी म्हणायचे तिला सगळे. कागद चोख होते: दम्याचा जुना विकार, रविवारी दुपारी बिछान्यात झोपेतच गेली. खाली डॉक्टरची सही. तपासनिसांनी आज "संशयास्पद काही नाही" एवढं लिहिलं की फाईल बंद. नाही लिहिलं, तर वीस वर्षांची नोकरी पाण्यात आणि वर काय काय निघेल ते वेगळंच.

म्हणून मुलांशी कुणी एकट्यानं बोलणार नाही, एवढी तजवीज अधीक्षकांनी केली होती. "बुजतात हो बिचारी," ते म्हणाले होते. "त्यापेक्षा कॉम्प्युटरचा तास बघा. आमची आंधळी मुलं प्रोग्रॅम लिहितात!"

तपासनीस लगेच हो म्हणाले. वर येताना मुलींच्या खोलीला लागून असलेल्या दारापाशी तेवढे ते रेंगाळले. "इथे काय?" त्यांनी कुलपाला हात लावून विचारलं.

"कोठी. अडगळ आहे सगळी."

तास घेणाऱ्या बाई याच शाळेत वाढलेल्या. जन्मापासून त्यांनाही दिसत नव्हतं. काल अधीक्षकांनी त्यांना मुद्दाम गाठून विचारलं होतं, "उद्या काय दाखवणार?"

"लूप," बाई म्हणाल्या. "एकच काम मशीनकडून पुन्हा पुन्हा करून घ्यायचं. येणार कोण आहेत?"

अधीक्षकांनी नाव सांगितलं. बाई नुसतं "बरं" म्हणाल्या.

वर्गात आठ मशीन होती, पण पडदा एकालाही नव्हता. आंधळ्यांना पडदे हवेत कशाला, म्हणून अधीक्षकांनीच ते काढून कोठीत कोंबले होते. मुलं लिहितील ते मशीन वाचून दाखवतं, मुलं ऐकतात. आणि बोलणं तरी कसलं, लाह्या फुटल्यासारखा नुसता तडतडाट! डोळस माणसाला एक अक्षर कळेल तर शपथ.

"ही आमची मोजणी," अधीक्षकांनी पुढच्या बाकावरच्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. पोरीचे खांदे आखडले. "कानावर पडेल ते मोजत बसते. सांग गं साहेबांना, जिन्याला पायऱ्या किती?"

"सव्वीस," मुलगी म्हणाली. "तुमच्या तेरा. तुम्ही दोन-दोन चढता."

"अगं बाई गं!" अधीक्षक हसले, जरा जास्तच मोठ्यानं. हसताना खिशातला किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला आणि आठही मुलं एकदम ताठ बसली. "बघा, याला म्हणतात शिस्त," ते म्हणाले.

"करा सुरू," बाई मुलांना म्हणाल्या.

"बाई, आवाज जरा सावकाश करा हो," अधीक्षक म्हणाले. "साहेबांनाही काही कळू दे."

"असू द्या," तपासनीस म्हणाले. "मुलांच्या सवयीच्या वेगानंच होऊ द्या."

हे तर फारच बरं झालं. स्पीकर तडतडायला लागला. एकाचं झालं की दुसरा, दुसऱ्याचं झालं की तिसरा. तपासनीस भिंतीला टेकून, मान खाली घालून उभे होते. कंटाळला वाटतं गडी, अधीक्षकांना वाटलं. मागच्या बाकावरची एक पोर मुसमुसायला लागली तेव्हा बाईंनी चाचपत जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. तपासनिसांनी रुमालानं तोंड पुसलं.

"पंखा वाढवू का साहेब?"

"नको."

शेवटी मोजणीची पाळी आली. तिचं आपलं संपता संपेना. तोच आवाज, पुन्हा तोच, पुन्हा तोच. मध्ये एकदा काहीतरी वेगळं तडतडलं आणि पुन्हा तेच सुरू. एकदाचं ते थांबलं. अधीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या कुणीच वाजवल्या नाहीत.

तपासनीस मोजणीजवळ जाऊन वाकले. "आकडा बरोबर आहे ना?"

"हो. आम्ही सगळ्यांनी मोजलं होतं."

"बाई, मुलांना खाली अंगणात घेऊन जा," तपासनीस म्हणाले.

मुलं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेली. अधीक्षकांनी हात चोळले. "चला साहेब, माझ्या खोलीत बसू. चहा सांगितलाय. सहीसुद्धा तिथेच होऊन जाईल."

"माझ्या बायकोला दिसत नाही," तपासनीस म्हणाले. "तुमच्या बाई ओळखतात तिला. सतरा वर्षं झाली लग्नाला. घरात दिवसभर हाच आवाज असतो, याच वेगानं."

त्यांनी हात पुढे केला.

"कोठीची किल्ली द्या. हसरीनं ते दार आतून दोनशे चौदा वेळा ठोठावलं. एकशे सहाव्या ठोक्याला तुम्ही तेरा पावलांत वर आलात, दाराशी थांबलात, आणि तेरा पावलांत खाली गेलात."