रोजची बासरी

रविवारी सकाळी वर्ध्याहून चंदननं घरच्या ग्रुपवर बोलून विचारलं, "सध्या कोण काय ऐकून राह्यलं, आन् काऊन? सगळ्यांनी सांगा." त्याच्या बायकोनं, अंकितानं लिहिलं, "गझल. डोकं शांत राह्यते."

समुद्रपूरला एकटी राहणारी त्याची आई, रुख्माबाई. तिला लिहिता येत नाही, म्हणून तिनं बोलून पाठवलं, "चंदन, तुले फोन लावला का बासरी वाजते ना बाबू, मी थेच ऐकतो. रोज दोनदा, शेवटपर्यंत. तू उचलत नाई ना, म्हून."

चंदननं हसणारे तीन चेहरे टाकले.

संध्याकाळी रुख्माबाईनं त्याला फोन लावला, तर बासरी नव्हती. नुसती रिंग वाजत राहिली.