नकाराचं शिबिर

साहेबांनी हेडक्लार्कना केबिनमध्ये बोलावून चक्क अभिनंदन केलं. "तुमच्या व्यक्तिमत्त्व विकासासाठी कंपनी खर्च करतेय. दिवसभराचं शिबिर आहे, 'नाही म्हणायला शिका'. कुणीही यावं, आपलं काम तुमच्या गळ्यात मारावं आणि तुम्ही नंदीबैलासारखी मान डोलवावी, हे किती दिवस चालणार?"

"हो साहेब," हेडक्लार्क मान डोलवत म्हणाले. "कधी आहे?"

"येत्या रविवारी."

रविवारी लेकीचं नाटक होतं. मागच्या नाटकाच्या वेळी ते ऑफिसातच अडकले होते, म्हणून या वेळी तिच्या हातावर हात मारून कबूल केलं होतं. आता नाही म्हणता आलं, तर शिबिराची गरजच उरत नाही. आणि नाही म्हणता येत नसेल, तर शिबिराला जावंच लागणार. हा गुंता सुटायच्या आत साहेबांनी विचारलं, "मग, जाताय ना?" आणि सवयीनं तोंडातून "हो" निघून गेलं.

घरी बायकोनं कपाळावर हात मारला. "अहो, जन्मात एकदा तरी त्या माणसाला नाही म्हणता येत नाही का तुम्हाला?"

"अगं, तेच तर रविवारी शिकवणार आहेत."