एकमिश्या मागूर

"हा मासा मी ओळखते," सुमाली म्हणाली.

मासेवाली लामुन टबात पाणी ओतता ओतता हसली. "ताई, मागुरांची कसली ओळख? मेले सगळे एका तोंडाचे."

"ह्याची डावी मिशी तुटलीय. गेल्या पौर्णिमेला मी ह्याला धक्क्यावरून समुद्रात सोडलाय. 'परत कुणाच्या हाती लागू नकोस रे बाबा' असं बजावून सोडलाय!"

लामुनने घाईघाईने हवापाण्याचा विषय काढला. सुमालीने एकमिश्यासकट टबातले सगळे मागूर घेतले खरे, पण डोक्यात किडा वळवळायला लागला तो लागलाच.

सुमाली मूळची आत, भातशेतीच्या मुलखातली. लग्न होऊन लेमथोंगला आली तेव्हा तिने पहिल्यांदा समुद्र पाहिला. एवढं मोठं पाणी! मासा सोडून पुण्य जोडायचं तर इथेच, असं तिने तेव्हाच ठरवलं, आणि एक पौर्णिमा चुकवली नाही. पुढे नवरा प्रयूर रेल्वेतून निवृत्त झाला, त्याला गळाचा नाद लागला, आणि तिचं पुण्य कमी पडायला लागलं. तो पकडणार, म्हणून हिने दुप्पट सोडायचे.

"पुढच्या जन्मी मासा होणार तुम्ही," ती त्याला सुनावायची. "मी इकडे, तुम्ही तिकडे पाण्यात. मग कसला संसार!"

हे ती गमतीत म्हणत नसे. पुढच्या जन्मीही तिला हाच नवरा हवा होता, आणि मासे मारण्याच्या पापापायी तो हातचा जाणार ह्या धास्तीने तिची झोप उडाली होती.

बरं, एवढं पाप करून पदरात काय? बँकॉकहून सुट्टीला आलेली पोरंटोरंसुद्धा धक्क्यावर बसून मासे काढत. हा निघताना बादलीभर नळाचं पाणी घेऊन निघायचा आणि येताना बादली रिकामी.

"समुद्राला पाणी पाजायला चाललात वाटतं?" ती विचारायची.

"हो ना, तहानलाय बिचारा," तो म्हणायचा. आणि मासे कुठे गेले म्हणून विचारलं, तर "वाटून टाकले."

कुणाला वाटले ते तिला आज कळलं होतं.

दुपारी तिने धक्क्यावर नेहमीसारखी प्रार्थना म्हटली, मासे सोडले, आणि घरी निघाल्याचं सोंग करून आइस्क्रीमच्या गाडीमागे दडली. खाली खडकांत प्रयूर होताच. गळ फटीत खोचलेला, त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हता. हातजाळीने तिचे मागूर भराभर उचलून बादलीत टाकत होता. मागूरही असे बावळट, की पळायचं सोडून वर येऊन तोंड वासत होते.

"अगं बाई! माझंच पुण्य चोरून विकतोय मेला," सुमाली पुटपुटली, "आणि मीच विकत घेतेय!"

बादली घेऊन तो धावतपळत बाजाराकडे निघाला. चप्पल हातात घेऊन ती मागोमाग. त्याने लामुनच्या टबात मासे ओतले. सुमाली बर्फाच्या पेट्यांआड उभी राहिली. लामुनने पैसे पुढे केले की मुद्देमालासकट धरायचा, असा तिचा बेत होता.

लामुनने पैसे काही काढले नाहीत. तिने त्याला बसायला स्टूल दिलं.

"दादा, आज ताईंनी एकमिश्या ओळखला. माझी तर पाचावर धारण बसली. सांगून टाका ना एकदाचं."

"काय सांगू?"

"हेच, की गोड्या पाण्यातला मासा खाऱ्यात तडफडून मरतो. तुम्ही मागोमाग जाऊन काढता म्हणून वाचतो. विहारामागच्या तळ्यात सोड म्हणावं, संपलं."

सुमालीचा चप्पल धरलेला हात हळूहळू खाली आला.

"तळ्यात सोडेल गं ती," प्रयूर बादली विसळत म्हणाला. "पण लगेच विचारेल, मी गळ हातात घ्यायच्या आधी तिने इतकी वर्षं जे सोडले, त्यांचं काय झालं?"