चष्मा शोधणारी बाई

"ही बाई कोणाची नक्कल आहे, काका?" परवानगीवालीनं पडद्यावर बोट ठेवलं.

गर्दीकाकांना चौदा वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. विचारू नये म्हणून तर त्यांनी तिला दर भागात पार मागे, बसथांब्याच्या खांबाशी उभी केली होती.

मालिका कार्टूनची. एक विसराळू पोस्टमन, त्याची तिखट बायको आणि चौथीतला मुलगा. पण चालायची ती विडंबनावर. गाजलेला सिनेमा असो, साबणाची जाहिरात असो नाहीतर बातम्या देणारा गंभीर चेहरा असो, पोस्टमनच्या दारात आला की त्याची टोपी उडालीच म्हणून समजा. प्रेक्षकही एकेक वस्ताद. चित्र थांबवून थांबवून मागची पाटी कुठल्या सिनेमातली आणि कुत्रा कोणासारखा चालतो ते हुडकून काढायचे. म्हणून प्रत्येक नकलेचा एक फॉर्म भरावा लागे. ते फॉर्म तपासायचे हे परवानगीवालीचं काम. आणि नायकाच्या मागचे बाजार, रांगा, येणारेजाणारे काढायचे हे काकांचं. त्यांचं खरं नाव ऑफिसात कोणाला आठवतही नसेल.

"नक्कल कसली! गर्दीतलीच आहे. गर्दीला कुठे फॉर्म लागतो?"

"मग चष्मा कपाळावर चढवून दर वेळी पर्समध्ये काय शोधते ती?"

"चष्माच."

ती खुदकन हसली. "लोक म्हणतात, कुठल्याशा जुन्या सिनेमातली नटी आहे. पैजा लागल्यात पैजा! सिनेमाचं नाव मात्र एकालाही सांगता येत नाही." मग तिनं तीन चित्रं शेजारी शेजारी लावली. "आणि हे बघा. पहिल्या वर्षी केस काळे. सातव्या वर्षी कानाजवळ एक बट पांढरी. यंदा निम्मं डोकं पिकलंय. काका, आपल्या मालिकेत कोणी म्हातारं होत नाही हो. पोस्टमनचा पोरगा चौदा वर्षं चौथीतच बसलाय!"

काकांची चोरी पकडली गेली होती, आता नाही म्हणून काय उपयोग?

"जुने भाग नव्या वाहिनीवर जाणार आहेत," ती जरा नरमाईनं म्हणाली. "संध्याकाळपर्यंत फॉर्म भरून द्या. नाहीतर तिला पुसावं लागेल. सगळ्या भागांतून."

पोरगी वाईट नव्हती. नेमून दिलेलं काम करत होती बिचारी.

काका आपल्या टेबलाशी येऊन बसले. दर रविवारी ते ताट घेऊन टीव्हीसमोर बसत. पोस्टमन काय बोलतो याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. ती दोन सेकंदांसाठी दिसे, तेवढ्यापुरता घास हातात थांबे. मग टीव्ही बंद, आणि घरात भांड्याचा आवाज झालाच तर त्यांचाच. ते दोन सेकंदही गेले तर रविवारी घरी जायचं तरी कशाला, असं त्यांना खरोखर वाटलं.

त्यांनी पेन उघडलं.

मूळ व्यक्ती कोण? 'माझी बायको.'

कुठल्या सिनेमातली वा कार्यक्रमातली? 'कुठल्याच नाही.'

हयात आहे का? 'नाही. मालिका सुरू झाली त्याच वर्षी गेली.'

ओळखू शकणारे प्रेक्षक, अंदाजे? या रकान्यात नेहमी लाख यायचे, कधी कधी कोटीसुद्धा. काका अडले. मूलबाळ नव्हतं. शेजारी बदलून गेले होते. मेहुणीनं ओळखलं असतं, हमखास ओळखलं असतं, पण तीही गेल्या हिवाळ्यात गेली. त्यांनी लिहिलं, 'एक.'

परवानगीवालीनं फॉर्म उभ्या उभ्या वाचला. मग खुर्ची ओढून बसली आणि पुन्हा वाचला.

"काकू गेल्या तेव्हा वय काय होतं त्यांचं?"

"एक्केचाळीस. केस काळेभोर. एक पांढरा दिसला असता तर घर डोक्यावर घेतलं असतं बयेनं."

"मग तुम्ही का पिकवलेत?"

"मी पिकत चाललो ना! ती तशीच राहिली असती तर एका बाकावर बसल्यावर बापलेक वाटलो असतो."

तिला हसू आलं, आणि मग हसायला नको होतं असंही वाटलं. तिनं फॉर्मवर सही केली.

"राहू दे त्यांना. घरचंच माणूस आहे, भांडायला कोण येणार? पण काका, एका पात्राचं एकच रूप, हा नियम मला नाही मोडता येत. कुठलं तरी एक वय ठरवा. मागच्या भागांतही तेच लागेल आणि पुढेही कायम तेच राहील." तिनं तिन्ही चित्रं त्यांच्याकडे वळवली. "काळ्या केसांचं लावू? काकूंना तेच आवडलं असतं."

काकांचं बोट काळ्या केसांच्या चित्राकडे गेलं. तिथं जरासं थांबलं. मग सरकत सरकत शेवटच्या चित्रावर आलं.

"यंदाचंच लाव."

"हे पिकलेलं?"

"हो. इथवर बरोबर आलीय ती," काका म्हणाले. "पुढचं म्हातारपण माझं मी बघतो."